पाळणा लांबवला, पुढे काय?

अखाजी हा आम्हा खानदेशातल्या बायकांचा खरा सण. बाकी महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया म्हणजे सराफाच्या दुकानापुढची गर्दी. जळगाव-धुळ्याकडे तो सासुरवाशिणीने माहेरी येऊन निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसायचा दिवस. यंदाही पांझरेकाठच्या माझ्या माहेरी घर भरले होते. चुलीवर खापर चढले होते, पुरणाच्या पोळ्या निघत होत्या, पोरी झोक्यासाठी भांडत होत्या. माझ्या भावाची मुलगी तेवढी माजघरात भिंतीला टेकून बसली होती. शेजारच्या आजी आल्या, तिच्याकडे पाहिले आणि सगळ्यांसमक्ष विचारते झाल्या, "पोटमा काही शे का व माय?" पोरीने मान खाली घातली. माझ्या वहिनीने विषय बदलला. पण प्रश्न पडायचा तो पडून राहिलाच.

रात्री गच्चीवर तिने मला सांगितले ते असे. पहिली मुलगी आता तीन वर्षांची आहे. ती झाल्यावर पाळणा लांबवायचा म्हणून तिने सरकारी दवाखान्यातून 'अंतरा'ची इंजेक्शने घेतली, दर तीन महिन्यांनी एक, अशी पाच. शेवटचे गेल्या सप्टेंबरात. दुसरे मूल हवे असे ठरले म्हणून डिसेंबरात पुढचे घेतले नाही. तेव्हापासून पाळी नाही आणि दिवसही राहिलेले नाहीत. सासूबाई म्हणतात, त्या सुईने पिशवी सुकली. नवरा काही म्हणत नाही. शहरातल्या एका वंध्यत्व केंद्राचे माहितीपत्रक मात्र त्याने आणून ठेवले आहे आणि खर्चासाठी तिच्या गळ्यातली पोत मोडायची गोष्ट घरात सुरू झाली आहे.

"आत्या, खरंच सुकली असेल का हो?" तिने विचारले.

मी चौतीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवले. बेडकाची, गांडुळाची आणि फुलांची जननसंस्था फळ्यावर काढून दाखवली. माणसाच्या प्रजननाचा धडा मात्र बहुतेक वर्षी "घरी वाचून या" म्हणून सोडून दिला, ही कबुली आज दिलीच पाहिजे. त्या सोडून दिलेल्या धड्याची किंमत माझ्याच घरातली लेक मोजते आहे, असे त्या रात्री वाटले. म्हणून हा लेख.

थांबवायचे कसे, हे शिकवले. थांबवणे कसे थांबवायचे, ते नाही

आपल्याकडे कुटुंबनियोजन म्हणजे ऑपरेशन. दोन-तीन मुले झाली, त्यात एखादा मुलगा असला, की बाई टाक्याला जाते आणि विषय संपतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर जाते. पुरुषांची नसबंदी मात्र देशात अवघी ०.३ टक्के. म्हणजे कुटुंब दोघांचे आणि नियोजन एकटीचे, हा हिशेब सत्तर वर्षांत बदललेला नाही.

ऑपरेशन हा परतीची वाट जवळपास बंद करणारा उपाय. त्यामुळे "बंद केल्यावर काय होते" हा प्रश्न आमच्या आयांच्या पिढीला पडलाच नाही. आता दिवस बदलले. चोपड्याची मुलगी पदवी घेते, लग्नानंतर नाशिकला किंवा सुरतेला नोकरी करते, पहिले मूल दोन-तीन वर्षांनी आणि दुसरे चार-पाच वर्षांनी हवे म्हणते. ती गोळ्या घेते, तांबी बसवते किंवा इंजेक्शन घेते. या उपायांना सुरुवात आहे तसा शेवटही आहे. सुरुवातीला सांगायला आशाताई आहे, नर्सबाई आहे, भिंतीवरचे चित्र आहे. शेवटाला सांगायला कोणी नाही. त्याच पाहणीत, साधन वापरणाऱ्या स्त्रियांपैकी ६२.४ टक्क्यांना त्या साधनाचे दुष्परिणाम कधी ना कधी सांगितले गेले होते, असे दिसले. आधीच्या पाहणीपेक्षा ही सुधारणा खरी. पण शंभरातल्या सदतीस-अडतीस जणींना कोणीच काही सांगितले नाही, असाही त्याचा अर्थ होतो.

तेव्हा आधी साधी गोष्ट समजून घेऊ. पाळी हा गर्भाशयाचा एकट्याचा कारभार नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिला पीयूषिका म्हणतात. ती बीजकोशाला निरोप धाडते. बीजकोश बीज पिकवतो आणि संप्रेरके सोडतो, त्यांच्या जोरावर गर्भाशयाचे अस्तर वाढते. गर्भ राहिला नाही, की ते अस्तर गळून पडते. ती पाळी. गोळी किंवा इंजेक्शन बाहेरून संप्रेरक पुरवते. ते पुरेसे आहे असे पाहून पीयूषिका निरोप धाडायचे थांबवते आणि बीज पिकत नाही. यात काही सुकत नाही, मरत नाही, जळत नाही. कारखाना पाडलेला नसतो, पाळी बंद ठेवलेली असते. बाहेरचा पुरवठा थांबला, की निरोप पुन्हा सुरू होतात. प्रश्न एवढाच, की किती दिवसांनी. आणि त्याचे उत्तर साधनागणिक वेगळे आहे.

गोळी, तांबी आणि सुई

गोळीचे औषध शरीरातून काही दिवसांत निघून जाते. माला-एन किंवा माला-डी घेणाऱ्या बाईला दर महिन्याला लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात जो रक्तस्राव होतो, तो खरे तर पाळी नव्हेच. औषध थांबल्याने आलेला तो स्राव असतो, म्हणून तो घड्याळासारखा येतो. गोळ्या सोडल्यावर पहिली स्वतःची पाळी बहुतेकींना महिना-दीड महिन्यात येते, काहींना तीन महिने लागतात. सुरुवातीच्या एक-दोन पाळ्या पुढेमागे होतात, कमीअधिक जातात, पोटात दुखते. बाईला वाटते, गोळ्यांनी पाळी बिघडवली. अनेकदा घडते ते उलटेच: जिची पाळी मुळात अनियमित होती, जिला बीजकोशातल्या गाठींचा किंवा थायरॉइडचा त्रास होता, तिची अनियमितता गोळ्यांनी इतकी वर्षे झाकून ठेवलेली असते. गोळी थांबली, की झाकण निघते. मग आत काय होते ते शोधायचे असते. झाकणाला दोष देऊन उपयोग नाही.

तांब्याच्या तांबीत संप्रेरक नसतेच. ती बीज पिकणे थांबवत नाही, पाळीही थांबवत नाही. उलट अनेकींना तिच्यामुळे अंगावरून जास्त जाते. ती काढली, की त्याच महिन्यात दिवस राहू शकतात. 'तांबीने नळ्या बंद होतात' ही भीती मात्र चिवट आहे, आणि तिला एक जुने कारणही आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत 'डाल्कन शील्ड' नावाच्या एका सदोष साधनाने अनेक स्त्रियांना गंभीर जंतुसंसर्ग झाला आणि बदनामी सगळ्याच तांब्यांच्या वाट्याला आली. पुढे मेक्सिकोत सुमारे एकोणीसशे स्त्रियांची तपासणी करून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की पूर्वी तांबे असलेली तांबी वापरण्याचा नळ्या बंद होण्याशी संबंध नव्हता. पूर्वी होऊन गेलेल्या क्लॅमिडिया या संसर्गाशी मात्र होता. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे आणखी एक गुन्हेगार असतो, तो म्हणजे जननेंद्रियांचा क्षय. तो गुपचूप येतो आणि नाव तांबीचे होते.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, १९९१ पासून 'सहेली' नावाने मिळणारी आणि आता सरकारी दवाखान्यात 'छाया' म्हणून मिळणारी आठवड्याची गोळी संप्रेरकाची नाही. ती घेताना पाळी लांबते, काहींना दीड-दोन महिन्यांनी येते. पण बंद केल्यावर शरीर लवकर मूळ वळणावर येते.

आता सुई. 'अंतरा'त डीएमपीए नावाचे संप्रेरक असते, दीडशे मिलिग्रॅम, स्नायूत दिलेले. तिथून ते हळूहळू सुटत राहते. आमच्या काळ्या कपाशीच्या जमिनीत पावसाळ्याचे पाणी मुरते आणि पाऊस थांबल्यावरही हरभऱ्याला पुरते, तसे. कागदावर त्याची मुदत तीन महिने. पण ओल त्यानंतरही राहते, आणि गोळीसारखे ते उद्यापासून बंद करता येत नाही, तांबीसारखे काढून टाकता येत नाही. इंजेक्शन चालू असताना वर्षभरात निम्म्याच्या आसपास स्त्रियांची पाळी पूर्ण थांबते. बंद केल्यावर पुन्हा दिवस राहण्यास शेवटच्या इंजेक्शनपासून सरासरी सात ते दहा महिने लागतात. सरासरी याचा अर्थ काहींना त्याहून कमी, काहींना त्याहून जास्त.

२०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने डेन्मार्क आणि उत्तर अमेरिकेतल्या जवळजवळ अठरा हजार स्त्रियांवरचा अभ्यास छापला. गर्भधारणेची क्षमता मूळपदावर यायला तांबीनंतर सुमारे दोन, गोळीनंतर तीन, तर इंजेक्शननंतर पाच ते आठ पाळीचक्रे लागतात, असे त्यात आढळले. त्यातली महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे: साधन किती वर्षे वापरले याचा नंतरच्या गर्भधारणेवर परिणाम दिसला नाही. निरनिराळ्या देशांतले बावीस अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये काढलेला निष्कर्षही हेच सांगतो. साधन बंद केलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८३ टक्के स्त्रियांना वर्षभरात दिवस राहिले. कोणतेही साधन कधीच न वापरलेल्या जोडप्यांचे चित्रही साधारण असेच असते.

आता भाचीचा हिशेब मांडा. शेवटचे इंजेक्शन सप्टेंबरात, अखाजी आली तेव्हा आठवा महिना चालू. म्हणजे ती उशिरात नव्हतीच, वाटेवर होती. घरच्यांनी मात्र डिसेंबरात पुढचे इंजेक्शन चुकवले त्या दिवसापासून बोटे मोजायला सुरुवात केली होती. एवढा एक हिशेब कोणी आधी सांगितला असता, तर पाच महिन्यांचे रडणे वाचले असते.

माझीही एक गोष्ट

हे सगळे मला आज ठाऊक आहे. १९८८ मध्ये नव्हते. थोरल्या मुलीनंतर मी तीन वर्षे गोळ्या घेतल्या आणि बंद केल्यावर चार महिने मला पाळी आली नाही. ज्या दवाखान्यातून गोळ्या घेत होते, तिथे विचारायला गेले. तिथल्या बाईंनी रजिस्टरवरची नजर न काढता सांगितले, "बंद का केल्या मग?" एवढेच. सासूबाईंनी चैत्रात सप्तशृंगी गडाला नवस बोलला, मी पायी गेले, आणि पाळी आली. धाकटा मुलगा पुढच्या वर्षी झाला. श्रेय देवीला मिळाले. माझी काही तक्रार नाही. पण त्या चार महिन्यांत मी रात्री उशीत तोंड घालून मला मी किती शिव्या दिल्या, ते देवीलाच माहीत. मुलगा झाला नसता, तर आयुष्यभर त्या गोळ्यांच्या पाकिटाला आणि स्वतःला दोष देत राहिले असते.

अफवा उगाच जन्माला येत नाहीत, हे मला तेव्हा कळले. जिथे माहिती पोचत नाही, तिथली रिकामी जागा अफवा भरून काढते.

अविश्वासाचा इतिहास

आणि अविश्वासाला कारणेही आहेत, हे मान्य केले पाहिजे. याच महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले; खटले सोसले, नोकरी गमावली, पण वाचकांच्या शंकांना सरळ उत्तरे दिली. शकुंतलाबाई परांजप्यांनी हेच काम पुढे नेले. त्यांच्या विचारात केंद्रस्थानी होती ती बाईची इच्छा. १९५२ मध्ये सरकारने कुटुंबनियोजन हाती घेतले, तेव्हा केंद्रस्थानी आला तो लोकसंख्येचा आकडा.

१९६५ मध्ये लूप आला. मोठ्या धडाक्याने तो बसवला गेला. रक्तस्राव झाला, पोटात दुखले, तर पुढे कोणाकडे जायचे याची सोय मात्र त्या प्रमाणात झाली नाही, आणि दोन-तीन वर्षांत लोकांनी त्याकडे पाठ फिरवली. आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीने देश हादरला. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीचे विधेयक मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. १९८० च्या दशकात 'नेट-एन' या इंजेक्शनच्या चाचण्या सुरू झाल्या. ज्या बायकांना ते द्यायचे त्यांना पुरेशी माहिती दिली जात नाही, म्हणून हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली आणि अहमदाबादची चिंगारी या संघटना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. डीएमपीएला १९९३ मध्ये खासगी विक्रीची परवानगी मिळाली. पण १९९५ मध्ये औषध तांत्रिक सल्लागार मंडळाने ते सरकारी कार्यक्रमात घेऊ नये असे सांगितले. वीस वर्षांनी, २०१५ मध्ये, याच मंडळाने उलट शिफारस केली आणि २०१७ पासून 'अंतरा' सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागले.

इंजेक्शनविरुद्ध लढलेल्या संघटनांचे म्हणणे चुकीचे होते का? माझ्या मते नाही. पाळी थांबणे, हाडांची घनता काही काळ कमी होणे हे परिणाम खरे आहेत. हाडांची झीज इंजेक्शन सोडल्यावर बहुतांशी भरून येते, हेही खरे. दीर्घकाळ हे इंजेक्शन घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणावरच्या एका गाठीचे प्रमाण वाढते, असे २०२४ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात दिसले. मुळात ती गाठ दुर्मीळ असल्याने धोका लहान आहे, पण सांगण्याजोगा आहे. दुसरीकडे, ज्या बाईचा नवरा निरोध वापरत नाही, जिला रोज गोळी लपवून खावी लागते, तिला तीन महिन्यांची निश्चिंती देणारे हे साधन नाकारणे हाही अन्यायच. म्हणून वाद सुई चांगली की वाईट हा नाही. सुई देताना बाईला सगळे सांगितले का, हा आहे. १९८६ साली तो होता, आजही तोच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात २०१६ मध्ये नसबंदीची शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले, तेव्हाही माहिती देऊन घेतलेल्या संमतीवरच जोर दिला होता. संमती म्हणजे कागदावरचा अंगठा नव्हे. आज हे घेतले, तर दीड वर्षाने माझ्या घरात काय बोलले जाईल, इथपर्यंतचे ज्ञान म्हणजे संमती.

भीतीचा बाजार

ही माहिती न दिल्याचा भुर्दंड दोन टोकांना पडतो. एका टोकाला, पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत असे धरून बाई गाफील राहते. पण बीज आधी सुटते, पाळी नंतर येते. म्हणून इंजेक्शन किंवा गोळी बंद केल्यावर एकही पाळी न येता थेट दिवस राहू शकतात. ज्यांना मूल नको, त्यांनी साधन सोडल्याच्या दिवसापासून दुसरे वापरले पाहिजे.

दुसऱ्या टोकाला बाजार उभा आहे. कृत्रिम गर्भधारणेची केंद्रे आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाहीत, जिल्ह्याच्या गावांत त्यांचे फलक दिसतात. ज्यांना खरी गरज आहे, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय. जगात दर सहांतील एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये म्हटले आहे. पण ज्या बाईला केवळ चार महिने थांबायची गरज आहे, तिने त्या दारात पोत मोडून उभे राहावे, हे योग्य नव्हे. २०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची केली आहे. नोंदणी क्रमांक विचारणे हा आपला हक्क आहे.

आणखी एक भयंकर टोक आपण शेजारच्या मराठवाड्यात पाहिले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या तरुण वयातच काढल्या जात असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि सरकारला समिती नेमावी लागली. अंगावरून जाते, पोट दुखते, पाळी अनियमित आहे, एवढ्या तक्रारींवर पिशवीच काढून टाकायचा सल्ला स्वीकारला गेला. आपले खानदेशातले मजूरही ऊसतोडीला जातात. पाळीतला कोणता बदल तात्पुरता आणि कोणता आजाराचा, हे ज्या बाईला कोणी समजावले नाही, तिला काहीही विकता येते, काहीही काढून टाकायला लावता येते.

आणि या सगळ्यात पुरुष कुठे असतो? माहितीपत्रक आणतो आणि बाहेर उभा राहतो. मूल न होण्याच्या प्रकरणांत साधारण निम्म्या वेळा पुरुषाकडचे कारण एकटे किंवा जोडीने असते. वीर्यतपासणी ही सगळ्यांत सोपी, स्वस्त आणि सुईविना होणारी तपासणी. पण बाईच्या सोनोग्राफ्या, रक्ततपासण्या, नळ्यांचे एक्स-रे होईपर्यंत तिचे नाव निघत नाही, कारण तिच्यात म्हणे मर्दानगीचा प्रश्न येतो. वयाचाही विचार व्हावा. पंचविशीत गोळ्या सुरू करून पस्तिशीत बंद करणारीला वेळ लागला, तर त्यात दहा वर्षांच्या गोळ्यांपेक्षा वाढलेल्या दहा वर्षांचा वाटा मोठा असतो.

करायचे काय?

फार मोठे काही नाही. 'अंतरा' घेणारीला कार्ड मिळते, त्यावर पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहितात. त्याच वेळी आणखी एक वाक्य तिला आणि तिच्या सासूला तोंडी सांगावे: "बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात, तोवर पाळी आली नाही तरी घाबरू नका." मूल वर्षभरात हवे असेल, तर इंजेक्शनऐवजी तांबी किंवा गोळीचा विचार करा, हेही सांगावे. आशाताईला साधन सुरू केल्याची नोंद ठेवावी लागते. तशीच साधन सोडलेल्या बाईकडे दोन-तीनदा जाऊन चौकशी करणे हेही तिचे काम मानावे आणि त्याचे मानधनही द्यावे. फुकटात सगळे आशाताईवर लादणे बरे नव्हे.

घरच्यांसाठीही चार गोष्टी. गोळी सोडल्यावर तीन महिने पाळी आली नाही, तर आधी लघवीची गर्भतपासणी करा आणि ती नकारार्थी आली तर डॉक्टरांना दाखवा. शेवटच्या इंजेक्शनला वर्ष उलटूनही पाळी नसेल, तरीही दाखवा. पाळी नियमित असून वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी तपासून घ्या. बाईचे वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर सहा महिनेच थांबा. फार रक्त जाणे, ताप, अंगावर दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, ओटीपोटात सतत दुखणे ही थांबायची लक्षणे नव्हेत. मूल हवे असे ठरले, की आधीपासून फॉलिक अॅसिडची गोळी सुरू करावी. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या भागात दोघांनीही सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. आणि कानबाईला किंवा घरच्या लग्नात अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. त्या गर्भनिरोधक नसतात, आणि आधीच गोंधळलेल्या हिशेबात त्या आणखी गोंधळ घालतात.

हायस्कुलातल्या माझ्या जागी आता ज्या शिक्षिका आहेत, त्यांना एकच विनंती. तो धडा सोडू नका. मुलांनाही शिकवा, मुलींनाही.

असो. भाचीला मी त्या रात्री कागदावर महिने मांडून दाखवले. दुसऱ्या दिवशी जावई घ्यायला आले, तेव्हा तोच कागद त्यांच्याही पुढे ठेवला. ते बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही, आत्या." मी म्हटले, "आता सांगितलं. पोत मोडू नका, आणि तपासायचंच झालं तर आधी तुम्ही तपासून घ्या." ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

ज्येष्ठात तिचा फोन आला. पाळी आली होती. दिवस राहिल्याची बातमी अजून नाही, आणि ती कधी येईल हे मी सांगू शकत नाही. पण फोनवर ती पहिले वाक्य बोलली ते ऐकून मला बरे वाटले. ती म्हणाली, "आत्या, सुकली नव्हती हो." पाठीमागे सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. ते वाक्य तिने मुद्दाम मोठ्याने म्हटले होते.